भिंतीकडे तोंड केलेला रेडिओ

भिसेगावातली ती खोली भाड्याने घेताना मला एकच अट घातली गेली. बातम्या चालू असताना मोरीतला नळ सोडायचा नाही.

घरमालकीण काकूंनी याखेरीज काही विचारलं नाही. लग्न झालंय का, एकटी का राहतेस, घरी कोण कोण असतं, हे सगळं आधी पाहिलेल्या घरमालकांनी विचारून झालं होतं. माझी उत्तरं पाठ होती, पण ती वापरायची वेळच आली नाही. वाल सोलून ओल्या झालेल्या हातांनी काकूंनी दारातच किल्ली पुढे केली आणि अट सांगितली. मी हसले. त्या हसल्या नाहीत.

"पाण्याचा आवाज लई व्हतो," त्या म्हणाल्या, "आन तो माणूस हळू बोलतो."

तो माणूस म्हणजे सकाळच्या बातम्या वाचणारा.

मी तेव्हा मुंबईतल्या एका कंपनीसाठी पॉडकास्टचं संपादन करायचे. लॉकडाऊननंतर काम घरूनच चाललं होतं, आणि घरूनच करायचं तर मोकळ्या हवेत करू, म्हणून मी कर्जतला आले होते. हवेइतकीच मला शांतता हवी होती. दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांची बोलणी साफ करायची, असं ते काम. आणि मी जाऊन पडले ती अख्ख्या आळीत सगळ्यात मोठ्याने रेडिओ लावणाऱ्या बाईच्या घरात.

काकू उंच होत्या, आणि उंच बायका जरा वाकून चालतात तशा त्या चालत नसत. कशेळ्याच्या पुढे, डोंगरातल्या वाड्यांवरच्या मुलांसाठी एक वसतिगृह आहे. तिथे त्यांनी नोकरीची सगळी वर्षं स्वयंपाक केला होता. रोज पहाटेची एसटी पकडून जायच्या, संध्याकाळी मिळेल त्या जीपने परत. मोठ्या चुलीची धडधड आणि पोरांचा गलका यांच्यावर मात करायची सवय लागल्यामुळे त्यांचं साधं बोलणंही हाक मारल्यासारखं वाटायचं. नवरा शेती करायचा, तो जाऊन काही वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. घरात त्या आणि रेडिओ.

रेडिओ काळा होता. मागचं सेलचं झाकण कधीच हरवलेलं, त्यामुळे सेल पडू नयेत म्हणून सायकलच्या ट्यूबचा एक पट्टा कापून त्याच्या पोटाला बांधलेला. सेल उतरले की काकू ते पत्र्यावर पापडांच्या शेजारी उन्हात ठेवायच्या, आणि ते खरोखर आणखी थोडे दिवस चालायचे. वीज होती, वायरही होती, पण लाईट गेली की बातम्या जातात म्हणून वायर लावायची नाही. स्वयंपाकघराच्या आतल्या भिंतीला एक फळी होती, तिच्यावर त्याची जागा. विचित्र एवढंच, की रेडिओचं तोंड भिंतीकडे असायचं आणि पाठ आपल्याकडे. मी पहिल्याच आठवड्यात तो सरळ करून ठेवला. संध्याकाळी पाहिलं तर पुन्हा भिंतीकडे.

"तसंच नीट लागतं," काकू म्हणाल्या.

डोंगरांमुळे आमच्याकडे एफएम धड लागत नसे. काकूंचं केंद्र मीडियम वेव्हचं, आणि तसले रेडिओ फिरवले की आवाज कमीजास्त होतो हे मलाही माहीत होतं. त्यामुळे मी तो विषय सोडून दिला.

रेडिओवर बोलणारी माणसं काकूंच्या लेखी घरी आलेली असत. बातम्यांच्या सुरुवातीला तो माणूस नमस्कार म्हणाला की काकू हातातलं काम थांबवून म्हणायच्या, "नमस्कार. बोला." त्याच्यासाठी त्या डोक्यावरून पदर घ्यायच्या. गाण्यांच्या कार्यक्रमातल्या पोरासाठी घ्यायच्या नाहीत, तो लहान होता. जाहिरातवाल्यांना त्या उत्तरच देत नसत. बातम्या चालू असताना कुणी भांडत आलं तर, "बाहेरचं माणूस बोलतंय, मागनं ये," असं म्हणून त्याला ओट्यावर बसवायच्या.

पावसाळ्यात हवामानाचा इशारा यायचा, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. काकू भातातलं पाणी वेळून काढत म्हणायच्या, "नाय जात बाबा." आमच्यापासून समुद्र कुठच्या कुठे. पण एवढं बोलून त्यांचं भागत नसे. सुकट घेऊन येणाऱ्या बाईला त्या दारातच अडवायच्या.

"घरी सांगितलंस का? जाऊ नका म्हणतात."

"काकू, माजा नवरा नेरळला रिक्षा चालवतो."

"तरी सांग. त्याचा कोन असंल जानारा."

या आवाजांना काकूंनी स्वतःच्या मनाने चेहरे दिलेले होते. बातम्यांचा माणूस बारीक, चष्मेवाला, पोटाचं दुखणं असलेला. शेतीच्या कार्यक्रमातली बाई ठेंगणी आणि गोरी, सासुरवास सोसलेली. मी एकदा उत्साहाच्या भरात फोनवर शोधून त्या बातम्यांच्या माणसाचा फोटो त्यांना दाखवला. चांगला गरगरीत माणूस होता, लाल टाय घातलेला. काकूंनी फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि भाकरी थापायला बसल्या. पुढचे कितीतरी दिवस त्यांनी त्याला नमस्कार केला नाही. शेवटी न राहवून मी विचारलं, तर म्हणाल्या, "आता तो बोलाया लागला की मला ती टायच दिसते. काय गरज व्हती गं?"

माझ्या कामाबद्दल त्यांना कुतूहल होतं. दुपारी जेवणं झाली की त्या माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर वालाचं भांडं घेऊन बसायच्या. त्यांच्याकडे बिरडं आठवड्यातून दोनदा तरी व्हायचं, आणि भिजवलेले वाल सोलायला हात आणि वेळ दोन्ही लागतात. एकदा त्यांनी विचारलं, "ह्या रेषा कसल्या?"

मी त्यांना स्क्रीनवर दाखवलं. ही बाई बोलते आहे, ही उंच रेघ म्हणजे तिचा शब्द, ही बारीक म्हणजे तिने श्वास घेतला.

"मग?"

"मग तो श्वास काढून टाकायचा. ऐकायला बरं वाटतं."

काकूंचा हात वालावरच थांबला. "श्वास काढलास तर ती जगंल कशी?"

मी म्हटलं, काकू, ती जिवंतच आहे, अंधेरीला राहते. पण त्यांचं समाधान झालं नाही. त्यांच्या मते बातम्यांचा माणूस मधे थांबून घसा खाकरायचा, ते सगळ्यात चांगलं. त्यावरून त्याची तब्येत कळायची.

मग मी त्यांना माझा एक पॉडकास्ट ऐकवला, छोट्या स्पीकरवर, त्यांना समजेल असा, लोणच्यांच्या प्रकारांवरचा. काकू पूर्ण लक्ष देऊन ऐकत होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "ही कुनाशी बोलते?"

"ऐकणाऱ्यांशी."

"कितीजन बसलेत?"

"बसलेले नसतात हो. ज्याला जेव्हा वेळ मिळेल तेव्हा तो ऐकतो. कुणी जेवताना, कुणी गाडी चालवताना."

"म्हंजे हिला ठावंच नाय समोर कोन हाय."

"रेडिओवाल्याला तरी कुठे ठाऊक असतं?"

"त्याला ठावं हाय," काकू शांतपणे म्हणाल्या. "सात वाजले की आमी बसलेलो असतो."

तेवढ्यात मला ऑफिसचा फोन आला म्हणून मी पॉडकास्ट थांबवला. फोन संपवून वळले तर काकू माझ्याकडे बघत होत्या, जणू मी कुणाच्या तोंडावर दार लावलं होतं.

"ती बोलत व्हती की गं," त्या म्हणाल्या.

दूधवाला कानात इयरफोन घालून यायचा, शेजारची कॉलेजची मुलगी घालून जायची, मीही घालूनच असायचे. काकूंना ते पटत नसे. "कानात घालायचं ते तेल," त्या म्हणायच्या. "बाकी काय ऐकायचं ते घरात सगल्यांनी ऐकावं." घरात सगळे म्हणजे कोण, हे मी तेव्हा विचारलं नाही.

ते मला कळलं ते काकूंच्या जाऊबाईंमुळे.

काकूंचं घर म्हणजे एका घराचे केलेले दोन भाग होते. दोन भावांची वाटणी झाली तेव्हा मधोमध भिंत घातलेली, एका विटेची, वर पत्र्यापर्यंत धड न पोचलेली. पलीकडे काकूंची धाकटी जाऊ एकटीच राहायची. तिचाही नवरा गेलेला, मुलगा नेरळला नव्या इमारतीत फ्लॅट घेऊन राहिलेला. बुटकी, गोल, सारखी काहीतरी पुटपुटणारी बाई. अंगणात आमची गाठ पडली की माझ्याशी चांगलं बोलायची, भाजीतलं काहीबाही द्यायची. काकू बाहेर आल्या की दोघींपैकी एक आत जायची. काकू तिचा उल्लेख 'पलीकडची' असा करायच्या, तोही क्वचित.

एका दिवाळीनंतर पलीकडची आठवडाभर नेरळला मुलाकडे गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली ती उशिरा, कारण रेडिओ ऐकूच आला नाही. आत जाऊन पाहिलं तर काकू चुलीपाशी बसलेल्या, रेडिओ मांडीजवळ, तोंड त्यांच्याकडे, आवाज अगदी बारीक.

"आज हळू?" मी म्हटलं.

"सेल वाचवते," काकू म्हणाल्या.

आठवड्याने पलीकडून कुलूप उघडल्याचा आवाज आला. काकूंनी रेडिओ उचलून फळीवर ठेवला, मधल्या भिंतीकडे तोंड करून, आणि आवाज वाढवला. मी तिथेच चहा पीत उभी होते.  पलीकडच्या बाईकडे रेडिओ नव्हता, टीव्ही मुलगा घेऊन गेला होता, हे मला माहीत होतं.

बऱ्याच दिवसांनी, पावसात एक दुपार अशीच वाल सोलण्यात चालली होती, तेव्हा मी विचारलं, "तुमचं दोघींचं काय झालं?" मला वाटत होतं जमिनीचं असेल. भिसेगावात जमिनींना भाव आल्यापासून पुष्कळ घरांत तसं झालं होतं.

काकूंनी सोललेले वाल पाण्यात सोडले. म्हणाल्या, "हे गेले त्या दिशी घरात रेडिओ चालू व्हता. सगली मानसं जमलेली. ही आली आन बोलली, नवरा चाललाय आन हिला रेडिओ सुटत नाय. सगल्यांच्या समोर बोलली. गावात अजून बोलतात."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय नाय. काय बोलनार?"

"पण का चालू होता?"

काकू उठल्या. टरफलं उचलून परसात टाकायला गेल्या आणि तिकडेच बराच वेळ उभ्या राहिल्या.

पलीकडच्या बाईच्या मुलाने आईला फोन घेऊन दिला तो त्या पावसानंतरच्या हिवाळ्यात. मोठ्या पडद्याचा फोन आणि त्याला जोडायचा एक गोल स्पीकर. त्याने आईला सगळं शिकवलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे बातम्या सुरू झाल्या आणि अर्ध्या मिनिटाने त्याच बातम्या, त्याच माणसाच्या आवाजात, भिंतीपलीकडून सुरू झाल्या. फोनवरून येणारा रेडिओ थोडा मागे असतो. हवेतून आधी पोचतो, इंटरनेटवरून फिरून येईतो वेळ जातो. आमच्या घरात पंतप्रधान दोनदा बोलले, पाऊस दोनदा पडला, आणि मला काम करणं अशक्य झालं.

काकूंच्या चेहऱ्याकडे मात्र मला बघवेना. त्या फळीपाशी गेल्या, रेडिओ उचलला, तोंड आपल्याकडे करून ओट्यावर ठेवला आणि आवाज कमी केला. दिवसभर त्यांनी कुणाला उत्तर दिलं नाही. बातम्यांच्या माणसालासुद्धा नाही.

"तिला शिलं आवडतं," संध्याकाळी एवढंच म्हणाल्या.

चार दिवस मी ते पाहिलं. मग म्हटलं, "काकू, त्या फोनवर जगातलं वाटेल ते लागतं. सिनेमे, कीर्तनं, नाटकं, माझे पॉडकास्टसुद्धा. त्या तुमचंच केंद्र लावतात. तुम्ही लावता तेव्हाच लावतात."

काकू भाकरी उलटत होत्या. "व्हय?" म्हणाल्या. बराच वेळ तवा तसाच राहिला, भाकरी करपली.

त्यानंतर त्यांनी रेडिओ फळीवर ठेवला नाही, पण त्या स्वतः भिंतीपाशी बसायला लागल्या. दुपारी एक विनोदी श्रुतिका लागायची, नवराबायकोच्या भांडणाची. काकूंच्या रेडिओवर विनोद झाला की त्या खुदकन हसायच्या आणि लगेच गप्प व्हायच्या, कान भिंतीकडे. अर्ध्या मिनिटाने पलीकडून तोच विनोद यायचा, आणि त्याच्यामागून पलीकडचीचं हसणं, बारीक, उचकी लागल्यासारखं. ते ऐकलं की काकू मान हलवायच्या, बरोबर उत्तर आल्यासारखी, आणि मगच पुढचं ऐकायच्या. कधी पलीकडून हसू यायचं नाही. "कललं नाय वाटतं तिला," काकू म्हणायच्या, आणि मला तो विनोद समजावून सांगायच्या, मोठ्याने, भिंतीपलीकडे जाईल इतक्या.

मी कामाच्या वेळा बदलल्या. श्रुतिकेच्या वेळी हेडफोन काढून ठेवायला लागले.

मग एका सकाळी काकूंच्या रेडिओवर काहीच लागलं नाही. नुसता पाऊस पडल्यासारखा खर्रर्र आवाज. काकूंनी सेल बदलले, रेडिओ सगळ्या बाजूंना फिरवला, परसात घेऊन गेल्या. शेवटी माझ्याकडे आणला. मी फोनवर पाहिलं. मीडियम वेव्हवरचं ते प्रक्षेपण बंद केलं होतं. यापुढे ते केंद्र फक्त इंटरनेटवर ऐकायला मिळणार होतं. अगोदर सूचना दिली होती म्हणे. काकूंनी ती ऐकली असणार, पण 'प्रक्षेपण' हा शब्द त्यांच्या घरी आलेल्या माणसांना लागू होतो असं त्यांना वाटलं नसावं.

मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"म्हंजे ते हायत, पन इथं येत नायत," त्या म्हणाल्या.

"माझ्या फोनवर लावून देते ना रोज. नाहीतर तुम्हाला एक फोन घेऊ."

"नको," काकू म्हणाल्या, इतक्या हळू की मला तो आवाज ओळखू आला नाही. "आमी गेलो नाय बोलवाया. ते आपल्या पायानं येत व्हते."

त्यांनी रेडिओ पुसला, पोटाचा पट्टा काढून सेल बाहेर काढले आणि तो कपाटात ठेवून दिला. घरात फक्त पलीकडचा आवाज उरला, भिंतीतून येणारा, दबका. सात वाजता काकू पाट घेऊन भिंतीला टेकून बसल्या. शब्द कळत होते, नव्हते. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. मी आपल्या खोलीत जाऊन बसले.

दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी मी चहा करायला आत आले तर बातम्या स्पष्ट ऐकू येत होत्या, शब्द न् शब्द. काकू पाटावर ताठ बसल्या होत्या. भिंतीपलीकडे काहीतरी सरकवल्याचा, भांडी बाजूला केल्याचा आवाज झाला, आणि आवाज आणखी मोठा झाला. पलीकडच्या बाईने स्पीकर आणून भिंतीला लावला होता. काकूंचा रेडिओ बंद पडलाय हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं रोज ऐकलेला आवाज आला नाही, हे तिला कळलं असणार.

बातम्यांचा माणूस नमस्कार म्हणाला. काकूंनी पदर घेतला. "नमस्कार," त्या म्हणाल्या, आणि जरा थांबून, "बोला."

असं महिनाभर चाललं. कुणी कुणाशी एक शब्द बोललं नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी एका सकाळी पलीकडचं बोलणं मधेच थांबलं. पुन्हा सुरू झालं, पुन्हा थांबलं. मग पलीकडून पुटपुट ऐकू आली, फोन ठोकल्याचा आवाज आला, आणि त्यानंतर भिंतीच्या वरच्या फटीतून सरळ हाक आली.

"जाऊबाय. तुमच्या त्या पोरीला म्हनावं, ह्याला काय झालं बघ. मला नाय कलत."

काकू चुलीपाशी उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "जा की. बोलवते ना ती."

मी गेले. नेट गेलं होतं, एवढंच. थोडं मागेपुढे केलं आणि लागलं. वळून पाहते तर काकू पलीकडच्या दारात उभ्या, उंबऱ्याच्या बाहेर, हातात वालाचं भांडं. आपण कशा आलो हे त्यांनाही नीट माहीत नसावं. पलीकडच्या बाईने त्यांच्याकडे पाहिलं, मग पाट उचलला आणि भिंतीजवळ ठेवला.

"आत या. बातम्या चालल्यात."

"इथनं येतंय ऐकू," काकू म्हणाल्या.

सगळ्या बातम्या त्यांनी दारात उभं राहून ऐकल्या. हवामान संपल्यावर आत आल्या आणि पाटावर बसल्या. पलीकडच्या बाईने त्यांच्यापुढचं भांडं मधे ओढलं आणि वाल सोलायला लागली. मी दारापाशी टेकले. पुढे शेतीचा कार्यक्रम लागला, भाताच्या रोपांबद्दल कुणी तज्ज्ञ सांगत होता. मुलाने शिकवलं होतं त्याप्रमाणे पलीकडच्या बाईने फोनवर बोट ठेवलं आणि त्याला मधेच थांबवलं.

"का थांबवलंस?" काकू म्हणाल्या. "बोलत व्हता तो."

"बोलंल परत." ती वालाकडेच बघत होती. "जाऊबाय, भावजी गेले त्या दिशी मी बोलले. सगल्यांच्या समोर. तसं बोलाया नको व्हतं मी."

काकूंनी एक वाल सोलला, दुसरा सोलला.

"हाच कार्यक्रम व्हता," त्या म्हणाल्या. "त्यांचा आवडीचा. डोले मिटलेले, पन ऐकत व्हते गं. भातावरच्या करप्याचं सांगत व्हता आन ह्यांची बोटं हलत व्हती, माज्या हातात. बंद करा म्हनलीस तवा बोटं हलत व्हती. मी कशी बंद करनार?"

"मला कुनी सांगितलंच नाय."

"तू इचारलंस व्हय?"

पलीकडच्या बाईने पदर डोळ्यांना लावला. काकूंनी भांडं थोडं तिच्याकडे सरकवलं, कारण तिच्या बाजूचे वाल संपले होते. बाहेर दूधवाल्याची गाडी थांबली, त्याने हाक मारली, आणि कुणीच उठलं नाही म्हणून पुन्हा मारली. मी उठणार होते, पण काकूंनी हातानेच बस म्हटलं.

बऱ्याच वेळाने पलीकडच्या बाईने पुन्हा फोनवर बोट ठेवलं. भाताच्या रोपांचा तज्ज्ञ जिथे अर्ध्या शब्दावर थांबला होता, तिथूनच पुढे बोलायला लागला.

काकूंनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"आपल्यापायी ताटकलला बिचारा," त्या म्हणाल्या.